आधी वाट, मग मत

मी फावडं बोलतोय. शेतातलं नव्हे, बर्फ उपसायचं, निळ्या पात्याचं. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, माझ्या दांड्याची शपथ.

आता दांडा तसा माझा नाही. मूळचा पहिल्या सहा वर्षांतच मोडला, दुसरा एका उमेदवाराने मोडला, हा तिसरा. पातंही एकदा बदललंय. तेव्हा शपथ उसनी आहे, आणि मी तरी मूळचा मीच आहे का, यावर कुणी वाद घातला तर मी हरेन. पण गोष्ट खरी आहे. निदान बरीचशी.

न्यू हॅम्पशायरच्या उत्तर टोकाला टिबेट्स मिल्स नावाचं गाव आहे. तिथून कॅनडा चाळीस मैल आणि सगळ्यात जवळचा सिग्नल एकतीस मैल. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्यांच्या पेटीशेजारी उभा होतो. रोलँड ट्रॉम्ब्ली नावाच्या सुताराने मला उचललं, हवेत दोनदा फिरवलं, आणि बायकोला म्हणाला, “अर्डेल, हे आपल्याला पुरून उरेल.” त्याचं खरं झालं. तो गेला, मी आहे.

घरापासून रस्त्यापर्यंत पन्नास फुटांची वाट. नोव्हेंबर ते एप्रिल ती वाट मोकळी ठेवणं एवढंच माझं आयुष्य. त्यात राजकारण कुठून आलं ते सांगतो.

आमच्या देशात राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर आधी आपल्याच पक्षातल्या लोकांना पाडावं लागतं. त्या पाडापाडीचं पहिलं मतदान आमच्या राज्यात होतं, तेही भर हिवाळ्यात. त्यामुळे तीन वर्षं आम्हाला कुत्रं विचारत नाही, आणि चौथ्या हिवाळ्यात दार उघडावं तर पायरीवर उमेदवार. शनिवारी सगळं गाव कचरा टाकायला डेपोवर जातं, तर तिथेही हे रांगेत उभे. एका हातात आपली पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचा हात. आमचा शेजारी मर्ल हॉजडन म्हणतो, “सोय चांगली आहे. एका फेरीत दोन्ही कामं होतात.”

असाच एक उमेदवार फार वर्षांपूर्वी रोलँड बर्फ उपसत असताना फाटकात आला आणि देशाच्या भवितव्याबद्दल बोलू लागला. रोलँडने पाच मिनिटं ऐकलं आणि मला त्याच्या हातात दिलं. म्हणाला, “बोला की. फक्त हात रिकामे दिसले तुमचे.” बरोबरच्या छायाचित्रकाराने फोटो काढला, पेपरात छापून आला. उमेदवार हरला, पण फोटो गाजला. तेव्हापासून दर चार वर्षांनी झाडून सगळे विचारत यायला लागले, “ते फावडंवालं घर कुठलं हो?”

रोलँड गेल्यावर अर्डेलबाईंनी नियमच करून टाकला. दारात जो येईल त्याच्या हातात मला द्यायचं आणि म्हणायचं, “आधी वाट, मग मत.” मग आत जाऊन कॉफीचा कप घेऊन खिडकीत बसायचं. भाषण ऐकून माणूस कळत नाही, बर्फ उपसताना कळतो, असं त्यांचं म्हणणं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईशी कोण वाद घालणार?

मागच्या हिवाळ्यात मात्र याच वाटेवर त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण मुलीच्या मनात काहीतरी बसलं ते बसलंच. ही मुलगी, लोरेट, फ्लोरिडात राहते. तिकडे फावडं म्हणजे वाळूत किल्ला करायचं खेळणं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात ती आली, ती पर्समध्ये दोन तिकिटं घेऊनच. एक तिचं, एक आईचं.

पडवीतल्या खुंटीवर मी टांगलेला असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं.

“आई, तिकडे घराला पायऱ्याच नाहीत. बर्फ नाही. बागेत संत्री लागतात.”

“मला संत्री सोसत नाहीत.”

“मग खाऊ नकोस! पण पुन्हा पडलीस तर बघणार कोण?”

“मर्ल येतो ना रोज.”

“मर्ल चौऱ्याहत्तरचा आहे, आई. त्याला उचलायला कोण येतं?”

मर्ल तिथेच बसून डोनट खात होता. तो म्हणाला, “मी अजून पडलो नाही,” आणि लगेच टेबलाच्या लाकडाला हात लावला.

“मी उपसून दिलं असतं गं,” तो पुढे म्हणाला, “पण बर्फ पडला की मी रात्रभर गावाच्या गाडीवर. आणि गावाची गाडी खासगी वाटेत घातली तर पंचायत माझी चामडी सोलेल.” पुढे लोखंडी नांगर लावून रस्त्यावरचा बर्फ लोटणारी ही गाडी मर्ल चालवतो. रस्ता साफ करताना तो सगळा बर्फ लोकांच्या फाटकात ढकलून जातो. वीस वर्षं तो अर्डेलबाईंच्या वाटेच्या तोंडाशी अशी भिंत घालतोय आणि वीस वर्षं त्यांच्याच हातची कॉफी पितोय. बाई त्याला साखर मोजून घालतात, तेवढाच सूड.

शेवटी लोरेटने अट घातली. “मंगळवारी मतदान. त्या सकाळी वाट मोकळी असली, तू आपल्या पायांनी मत द्यायला गेलीस, तर तिकीट फाडते. मी उपसणार नाही. मी गेल्यावर कोण उपसतं तेच मला बघायचंय. आणि तू फावड्याला हात लावलास, तर बोलणं संपलं. सरळ विमान.”

“चार जण या आठवड्यात माझ्या दारात येणार आहेत,” अर्डेलबाई म्हणाल्या. “देश चालवायला निघालेत. त्यांना पन्नास फूट जमणार नाहीत?”

लोरेट हसली. मला ते हसणं आवडलं नाही, कारण तिचं बरोबर असण्याची शक्यता होती.

पहिले आले गव्हर्नर. उन्हाळी प्रदेशातले. दात असे की बर्फ मळका वाटावा. नव्या बुटांना दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. त्यांनी तीन फावडी बर्फ डावीकडे टाकला. कॅमेरावाला म्हणाला, “साहेब, उजेड मागून येतोय.” तर साहेबांनी तोच बर्फ उचलून परत वाटेत टाकला आणि उजवीकडून सुरुवात केली. असं चार वेळा. ते गेले तेव्हा वाटेत सकाळपेक्षा थोडा जास्तच बर्फ होता.

“कसा वाटला?” मर्लने विचारलं.

“मेहनती आहे,” अर्डेलबाई म्हणाल्या. “जितकं काढतो तितकं परत घालतो. खजिना सांभाळायला बरा.”

दुसऱ्या आल्या सिनेटरबाई. बरोबर पाच मदतनीस. मला हातात घेऊन त्या पाऊण तास उभ्या राहिल्या. आधी बर्फ कुठे टाकायचा यावर मदतनिसांचं एकमत होईना. मग एकाने विचारलं, या बर्फावर पूर्वी कुणी काम केलंय का? शेवटी सिनेटरबाईंनी अर्डेलबाईंचा हात हातात घेतला आणि डोळे ओलसर करून विचारलं, “हा बर्फ बघून तुम्हाला काय वाटतं?”

“थंडी,” अर्डेलबाई म्हणाल्या.

मदतनिसाने ते लिहून घेतलं.

तिसरा धनाढ्य. त्याने मला हातही लावला नाही, आणि हा अपमान मी विसरलेलो नाही. त्याने ट्रकवरून बर्फ उडवायचं यंत्र उतरवलं. यंत्रावर त्याचं नाव एवढं मोठं की यंत्र दिसेना. सुरू केलं, तसा बर्फाचा फवारा उडाला तो थेट मर्लच्या उघड्या खिडकीतून त्याच्या दिवाणखान्यात. परतीच्या वळणावर आमची टपालपेटी गेली. “मी निवडून आलो तर प्रत्येक घराला असं यंत्र!” त्याने जाहीर केलं, आणि यंत्र ट्रकवर चढवून घेऊन गेला.

“आणि हा?” मी मनात म्हटलं. बाईंना ऐकू आलं असावं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वाट काढतो खरा. पण शेजाऱ्याच्या घरातून.”

चौथा सगळ्यांत तापट. वाटेतला बर्फ बघून तो लाल झाला. “हा बर्फ इथे आलाच कसा?” तो कॅमेऱ्याकडे बोट रोखून गरजला. “मी सांगतो कुठून आला! कॅनडातून आलाय! सरहद्द ओलांडून, राजरोस, आणि कुणी अडवलं नाही!”

अर्डेलबाईंनी खिडकी उघडली. “माझे आजोबाही तिथूनच आले होते, साहेब. लाकडं तोडायला. त्यांनाही उपसणार का?”

तो गडबडला. मग म्हणाला, “ते जुने. मी ताज्या बर्फाबद्दल बोलतोय.” मला जमिनीवर आपटून तो निघून गेला. माझ्या पात्याच्या डाव्या कोपऱ्याला वाक आहे तो त्याचाच.

जाताना मात्र चौघांनीही अगदी एकाच वाक्यात शब्द दिला. “अर्डेलबाई, मंगळवारी सकाळी काही लागलं तर मी आहेच.” लोरेटने हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं. चारदा.

सोमवारी दुपारी बर्फ सुरू झाला. अंधार पडेपर्यंत पायऱ्या दिसेनाशा झाल्या. लोरेटने रेडिओ लावला. चारही उमेदवार मँचेस्टरला पोचले होते, दीडशे मैल खाली, जिथे हॉटेलं आहेत आणि कॅमेरे. तिने आईची बॅग खाटेखालून ओढली आणि लोकरीचे कपडे वगळून बाकीचे भरायला घेतले.

अर्डेलबाई पडवीत आल्या. माझ्या दांड्यावरून हात फिरवला, जसा रोलँड फिरवायचा, आणि आत जाऊन झोपल्या.

आता मंगळवारची सकाळ. नीट ऐका.

अजून उजाडलं नव्हतं. फाटकाशी एक माणूस आला. अंगात जुना कोट, हातात हिरवे हातमोजे, मनगटाशी उसवलेले. कॅमेरा नाही, मदतनीस नाही. त्याने मला खुंटीवरून काढलं आणि एक शब्द न बोलता कामाला लागला. पातं भरून नाही, अर्धंच भरायचा. दर पाच-सहा फावड्यांनी माझ्यावर टेकून श्वास घ्यायचा, आणि पुन्हा. बर्फ पुन्हा वाटेत घसरू नये म्हणून कडेला उतरता लावायचा. चाळीस वर्षांत इतकं समजून मला कुणी वापरलं नव्हतं. वाट रस्त्यापर्यंत पोचली, त्यावर चुलीतली राख पसरली, मला खुंटीवर टांगलं, आणि माणूस गेला.

सात वाजता लोरेट खाली आली. दार उघडलं, आणि उघडंच राहिलं.

“आई! हे कुणी केलं?”

अर्डेलबाई नाइटगाऊनमध्ये टेबलाशी बसून ओट्स खात होत्या. “उमेदवार येऊन गेला एक.”

“कुठला?”

पेपरात नमुन्याची मतपत्रिका छापली होती. आमच्याकडे हजार डॉलर भरले की कुणीही राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहू शकतो, म्हणून तिच्यावर बावीस नावं. अर्डेलबाईंनी चष्मा लावला, बोट खाली खाली नेलं. “हा. डेलमार क्विग, नेब्रास्का.”

“कॅमेरा होता बरोबर?”

“नाही.”

“मत मागितलं?”

“नाही.”

“मग तो उमेदवार कसला?”

“तेच मी म्हटलं त्याला,” अर्डेलबाई म्हणाल्या.

लोरेटने वाटेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “केवढा आहे हा क्विग?”

“असेल माझ्याएवढा.”

अट म्हणजे अट. लोरेटने एक तिकीट फाडलं, अगदी सावकाश. मग अर्डेलबाई काठीऐवजी मला घेऊन आपल्या पायांनी मतदानाला निघाल्या. गावाच्या सभागृहाच्या दाराशी शाळेच्या मदतीसाठी केक विकायला बायका बसल्या होत्या. मला त्यांच्याशेजारी भिंतीला टेकवलं. लोरेटने सफरचंदाचा केक घेतला आणि सहज विचारलं, “हा डेलमार क्विग कोण हो? पहाटे येऊन आईची वाट काढून गेला.”

केक विकणाऱ्या बाईपेक्षा वेगवान टपाल अजून निघालेलं नाही. अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं. मतदान सांभाळायचं काम मर्लकडे होतं. रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे लाल. लोक त्याला विचारू लागले, “तू पहाटे त्या रस्त्याने गेलास ना? पाहिलंस का त्याला?”

“मी आज अधिकारी आहे,” मर्ल म्हणाला. “इथे उभं राहून कुठल्याच उमेदवाराबद्दल चांगलं बोलता येत नाही मला. कोणीतरी उपसत होतं, एवढं मी नाकारत नाही.”

संध्याकाळी सात वाजता मतं मोजली आणि मर्लने मोठ्याने वाचून दाखवली. एकूण चौसष्ट. सिनेटरबाई बारा. गव्हर्नर अकरा. धनाढ्य नऊ. कॅनडावाला आठ. डेलमार क्विग, तेवीस.

सभागृहात टाळ्या झाल्या. मग मर्लने एक मतपत्रिका दिव्याजवळ धरली. आमच्याकडे यादीत नसलेलं नावही हाताने लिहिता येतं. “आणि एक मत,” तो म्हणाला, “‘निळं फावडं’.”

सगळे हसले. लोरेट हसली नाही. तिने आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती, तिथे फार महत्त्वाचं काही लिहिलेलं असावं तशी.

तर असा मी, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत कॅनडावाल्यापेक्षा फक्त सात मतांनी मागे. आणि बुटांवर माझा खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांनी तो डेलमार क्विग शोधून काढला. निवृत्त दंतवैद्य, घरी कोंबड्या पाळतो. पडवीच्या खिडकीतून मला टीव्हीचा पडदा दिसतो. बातमीदाराने विचारलं, टिबेट्स मिल्समध्ये त्या वृद्ध बाईंची वाट तुम्हीच साफ केलीत? मागून बायको ओरडत होती, “अहो, हे काय विचारतायत? तुम्ही तर इथेच...” क्विगने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “त्यात विशेष काय? ते माझं कर्तव्य होतं. शंभर फूट वाट होती. लाल फावडं होतं, अजून आठवतं मला.”

अर्डेलबाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. “घ्या,” त्या मर्लला म्हणाल्या, “हाही अस्सल उमेदवार निघाला!”

शुक्रवारी लोरेट निघाली. मर्ल गाडी तापवत होता. पायरीवर तिने आईला घट्ट मिठी मारली आणि कानात बोलली, पण मी बाजूलाच होतो.

“डेलमार क्विगला सांग, पुढच्या वेळी कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं. त्या खुब्याला डॉक्टरांनी खिळे घातलेत.”

लोरेटने गाडीतून हात केला. पुढच्या सोमवारी हार्डवेअरच्या दुकानातून एक पोरगेलासा कामगार आला, दर बर्फाला वाट काढून जायचे पैसे लोरेटकडून आगाऊ घेऊन. अर्डेलबाईंनी त्याला परत पाठवलं नाही. फक्त खिडकीत बसून त्याला मार्क देतात.

हल्ली मी बहुतेक वेळ खुंटीवरच असतो. डावा कोपरा वाकलेला, तिसरा दांडा थोडा हलतोय. चौथ्या हिवाळ्यात पुन्हा फाटकात गर्दी होईल, तोवर विश्रांती. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या दारात मत मागायला कुणी आलं, तर त्याच्या हातात काहीतरी द्या. आमच्यासारखा बर्फ नसेल तर खराटा द्या, तुंबलेलं गटार दाखवा. मग आत जाऊन खिडकीतून बघा. ऐकू नका, बघा.

राहिली शपथ. दांडा उसना असला तरी ती माझ्या जिवाला लागून आहे, तेव्हा सांगून टाकतो. गव्हर्नर खरे. सिनेटरबाई खऱ्या. धनाढ्य खरा, टपालपेटी अजून दोरीने बांधलेली आहे. कॅनडावालाही खरा, उलट त्याचं मी थोडं कमी करून सांगितलं.

त्या सगळ्यांत जो एक बरा माणूस होता, तेवढाच खोटा.

फाटकाशी कुणी आलं नव्हतं. पडवीचं दार आतून उघडलं. रोलँडचा जुना कोट आणि ते हिरवे हातमोजे घालून अर्डेलबाईच बाहेर आल्या होत्या, पहाटे चारला. दर फावड्याला एकेका उमेदवाराचं नाव घेऊन जे बोलत होत्या, ते मी इथे सांगण्यासारखं नव्हतं. शेवटच्या दहा फुटांवर मर्लची गाडी आली. ती रस्त्यावरची भिंत आता त्यांच्या अंगावर लोटणार म्हणून मी डोळे मिटले. पण वीस वर्षांत पहिल्यांदा मर्लचा हात चुकला. फाटकापुढे नांगर वर उचललेला राहिला, आणि गाडी न थांबता पुढे गेली.

सातला लोरेट खाली आली, तेव्हा ते हिरवे हातमोजे स्टोव्हमागे वाळत होते, ओलेच. तिने वाटेकडे पाहिलं, ‘हे कुणी केलं’ म्हणून विचारलं, क्विगची सगळी हकीकत ऐकून घेतली, तिकीट फाडलं. मग आई कपडे बदलायला आत गेली, तेव्हा तिने ते हातमोजे उचलले, दुसरी बाजूही वाळावी म्हणून उलटे केले, आणि होते तिथेच पुन्हा ठेवून दिले.